एरंडेलाचा वास

वास आधी आला. मैदान दिसायच्या आधी, आवाज कानावर पडायच्याही आधी. गाडीची काच खाली होती, दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी असलेल्या अरुंद रस्त्यानं आम्ही चाललो होतो, आणि एका वळणावर तो नाकात शिरला. जळक्या तेलाचा वास, पण आपल्याकडच्या गॅरेजात असतो तसा काळा, उग्र नव्हे. किंचित गोडसर, जड, कुणीतरी लोखंडी पळीत काहीतरी तापवत ठेवून विसरून गेल्यासारखा. हा वास मला ठाऊक होता आणि कुठला ते आठवत नव्हतं.

गाडी चालवणाऱ्या आजोबांना विचारलं. ते हसले. "कॅस्टर ऑइल," म्हणाले.

एरंडेल! आजीच्या गुडघ्याला बांधायची एरंडाची पानं. तेल लावून ती तव्यावर शेकताना सोप्यात जो वास भरून राहायचा, त्याचाच हा कुणीतरी लांबचा भाऊबंद. आणि महिन्यातून एकदा नाक दाबून चहातून पाजलेलं ते बुळबुळीत प्रकरण वेगळंच. इंग्लंडातल्या केंटच्या टेकड्यांत, ऑगस्टातल्या रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या पोटात नुसत्या आठवणीनं ढवळलं.

हे आजोबा म्हणजे आमचे शेजारी. वय शहात्तर, आयुष्यभर नळ जोडायचं काम केलं. इथं त्यांना सगळे नावानं हाक मारतात, मला अजून ते जमत नाही. जीभ अडखळते, म्हणून मी नाव टाळून बोलते आणि मनात आजोबाच म्हणते. तरुणपणी अकरा वर्षं ते साइडकारचे पॅसेंजर होते, गवतावरच्या मोटारसायकल शर्यतीत. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, थट्टा करतायत. हिरवळीवर मोटारसायकल? आमच्या कॉलेजात हिरवळीवरून चाललं तरी शिपाई शिट्टी मारायचा.

एरंडेलाचं आधी संपवते. जुन्या काळापासून शर्यतीच्या इंजिनांत ते वापरत आलेत, कारण इंजिन लालबुंद तापलं तरी धातूवरचा त्याचा थर फाटत नाही. 1909 साली वेकफील्ड यांच्या कंपनीनं आपल्या नव्या तेलात एरंडेल घातलं आणि 'कॅस्टर'वरूनच त्याचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. आमच्या गावच्या स्टँडवरच्या गॅरेजवर त्या नावाची पत्र्याची पाटी होती, अर्धी गंजलेली. पाटीखालून हजारदा गेले असेन, पण त्या नावात एरंड लपलाय हे कधी सुचलं नाही. आता नव्या पद्धतीची तेलं आहेत, पण जुनी खोडं एरंडेल सोडत नाहीत. निम्मं वासासाठी, हे आजोबांनी स्वतःच कबूल केलं. जगातलं बहुतेक एरंडेल आपल्या देशात होतं, त्यातही गुजरातेत, बनासकांठा, मेहसाणा, कच्छ त्या बाजूला. त्या सबंध मैदानात माझ्या रंगाची मी एकटीच होते. वास तेवढा आपल्या देशातनं आलेला.

मैदान म्हणजे खरोखर रान. शेतकऱ्याचं कुरण. कालपरवापर्यंत मेंढ्या चरत असाव्यात, कारण लेंड्या सगळीकडं. थोड्याशा उतारावर खुंट्या आणि दोऱ्या लावून लंबगोल आखलेला, दोन सरळ पट्टे आणि दोन वळणं. दोरीच्या बाहेर मोटारी तोंडं आत करून उभ्या, डिक्या उघड्या, त्यात घडीच्या खुर्च्या, थर्मास, कुत्री. कायमचं असं काही नाही. ना गॅलरी, ना भिंत. इथं असा नियम आहे की शेतजमिनीवर परवानगीशिवाय मोटारी-मोटारसायकलींच्या शर्यती वर्षातून चौदाच दिवस घेता येतात. त्यामुळं मैदान सकाळी उभं राहतं आणि संध्याकाळी गुंडाळलं जातं. ॲम्ब्युलन्स आल्याशिवाय पहिली शर्यत सुटत नाही. ती उशिरा आली तर सगळे चहा पीत बसतात, त्या दिवशी आम्हीही बसलो.

त्या वेळात आजोबांनी मला गाड्या दाखवल्या. जिथं गाड्या दुरुस्त करत होते तिथं कुणीही कुणाच्याही गाडीशी जाऊन उभं राहत होतं. बाप पाना मागतोय, आई हेल्मेटची काच पुसतेय, पोरगं हातमोजे घालून ताटकळतंय. पाचशे सीसीची गाडी जवळून पाहिली तर निम्मी काढून ठेवल्यासारखी दिसते. एकच सिलिंडर, बारीक टाकी, पुढचं चाक सायकलला शोभेल असं. टाकीत पेट्रोल नाही, मिथेनॉल. ते पेटलं तर भर उन्हात ज्योत दिसत नाही. माणूस जळत असतो आणि बघणाऱ्याला नुसता नाचताना दिसतो, असं आजोबा अगदी सहज सांगून गेले. मनगटाला एक दोरी, तिचं दुसरं टोक इंजिनच्या स्विचला. स्वार पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद. डाव्या बुटाच्या तळाला पोलादी पत्रा.

मी गाडीभोवती एक फेरी मारली. काहीतरी चुकत होतं. हँडलला डावीकडं क्लचची दांडी होती, उजवीकडं काही नव्हतं. पायाशी पाहिलं, तिथंही नाही.

"ब्रेक कुठंय?"

"नाहीच," आजोबा म्हणाले. "आठ-दहा जण एका वळणात हातभर अंतरावर घुसतात. त्यात एकानं ब्रेक मारला तर मागचे सगळे त्याच्या पाठीवर. कुणालाच थांबता येत नाही म्हणून सगळे जगतात."

हे पटायला मला दुपार लागली. आणि पटलं ते मामामुळं.

मामाचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या बाजूला. काळं रान, ऊस, आणि पावसाळ्यात घोट्याच्या वर चिखल. मामा डेअरीला दूध घालायचा. स्वतःच्या दोन म्हशींचं आणि वस्तीवरच्या पाच-सहा घरांचं. वाहन येझदी, दोन सायलेन्सरची, कुणाकडून तरी जुनी घेतलेली. दोन्ही बाजूंना दोन-दोन किटल्या. श्रावणात मी आजोळी गेले की पहाटे मामा मला पेट्रोलच्या टाकीवर बसवायचा. आठ वर्षांची असेन. त्या गाडीची किक आणि गिअर एकाच दांडीचे. किक मारून झाली की तीच दांडी पुढं ढकलायची, झाला गिअर. हे मला जादूसारखं वाटायचं.

वस्तीवरून सडकेला यायचा रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या, मध्ये गवत. पाऊस झाला की चाकोऱ्यांत साबणासारखा चिखल, आणि मामा गाडी मधल्या गवतावरून काढायचा. एका डाव्या वळणाला रोज मागचं चाक उजवीकडं पळायचं. रोज. किटल्या खडखडायच्या, मी डोळे मिटायचे. मामा काय करायचा ते मात्र मिटल्या डोळ्यांनीही कळायचं, कारण हँडल माझ्या पोटाला लागायचं. चाक उजवीकडं पळालं की तो हँडलही उजवीकडं जाऊ द्यायचा, डावा पाय खाली टेकवायचा आणि रेस सोडायच्या ऐवजी किंचित वाढवायचा. गाडी तिरपी तिरपी घसरत वळण काढायची आणि सरळ व्हायची. दूध सांडायचं नाही.

"बिरेक मारला की पडलाच," मामा म्हणायचा. "चाक पळतंय तर पळू द्यावं. त्याच्या मागनं जावं."

मी अर्थातच ऐकलं नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, सांगलीत, जूनच्या पहिल्या पावसात स्कूटी घसरली आणि मी पुढचा ब्रेक गच्च दाबला. मनगट मोडलं. मामा बघायला आला, प्लास्टरकडं बघितलं, तब्येत विचारायच्या आधी म्हणाला, "बिरेक मारलास न्हवं?"

तर केंटात पहिली शर्यत सुटली. आडवी ताणलेली रबरी दोरी झटक्यात निघते, क्लच सुटतात, आणि आठ-नऊ गाड्या पुढची चाकं उचलत एकदम पहिल्या वळणाकडं धावतात. वळणं सगळी डावीकडची. आणि डावीकडं वळायचं तर प्रत्येकानं हँडल उजवीकडं धरलेलं! रेस भरलेली, मागचं चाक भिंगरीसारखं फिरत बाहेर निघालेलं, पोलादी बुटाचा डावा पाय गवतावरून सरकत चाललेला. गाडीचं तोंड आतल्या खुंट्यांकडं, पुढचं चाक बाहेरच्या दोरीकडं आणि गाडी जाते या दोन्हींच्या मधून. घाबरून मध्येच रेस सोडली तर मागचं चाक एकदम जमीन धरतं आणि स्वाराला वरून पलीकडं भिरकावतं. म्हणजे भीती वाटली की रेस वाढवायची. मी डोळे मिटले नाहीत, पण पोटाला हँडल लागल्यासारखं झालं.

मामा, म्हटलं मनात, तुझ्या वळणाला इथं तिकीट आहे.

आणखी एक सोयरीक निघाली. गाड्यांच्या इंजिनांवर दोन-तीन ठिकाणी जावा हे नाव दिसलं. आपली जावा? आजोबांना 'आपली' कळेना. मग मी त्यांना मैसूर सांगितलं. मुंबईच्या इराणींनी चेकोस्लोव्हाकियातल्या जावाशी करार करून 1961 पासून मैसूरच्या कारखान्यात त्या गाड्या बनवल्या, पुढं त्याच येझदी नावानं विकल्या, आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. आजोबांनी मला उलट बाजू सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून ब्रेक नसलेल्या या गाड्यांवर राज्य होतं जॅपचं, लंडनच्या टॉटनहॅममधल्या प्रेस्टविचच्या इंजिनाचं. मग चेकोस्लोव्हाकियातल्या दिविशोव गावातून एसो नावाचं इंजिन आलं, 1964 साली एसो जावात विलीन झालं आणि जॅपचे दिवस भरले. आमची येझदी दोन स्ट्रोकची, तेलमिश्रित पेट्रोल पिणारी, दुधाच्या किटल्या वाहणारी. ही चार स्ट्रोकची, दारू पिणारी. नाव एक, घर एक, नशीब वेगळं. आजोबांना किक आणि गिअर एकच दांडी हे सांगितल्यावर मात्र त्यांचे डोळे चमकले. "ते मला ठाऊक आहे," म्हणाले, आणि पायानं हवेतच दांडी पुढं ढकलून दाखवली.

दुपारी साइडकार आल्या. याच्याबद्दल लिहिताना मला हात आखडता घेता येणार नाही. साइडकार म्हणजे 'शोले'तली बसायची खुर्ची नव्हे. एक फळी, दोन-तीन दांड्या आणि तिसरं चाक, बस्स. पॅसेंजरला बसायला जागाच नसते. तो सरळ पट्ट्यावर मागच्या चाकावर ओणवा होतो म्हणजे चाकाला वजन मिळतं, आणि वळण आलं की अंग बाहेर फेकतो. खांदा, पाठ, सगळं बाहेर. डोकं गवतापासून वीतभर. त्याला पुढचं काही दिसत नाही, चालवणाऱ्याशी बोलता येत नाही, हातात ना हँडल ना रेस. नुसत्या वजनानं वळवायचं. एका वळणाला मातीचं ढेकूळ उडून त्याच्या हेल्मेटवर आदळलं, तो आवाज दोरीच्या बाहेर आम्हाला ऐकू आला.

"तुम्ही हे अकरा वर्षं केलंत?"

"चालवणारा माझा मेहुणा होता," आजोबा म्हणाले. "अकरा वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही. सोडल्यावर मात्र झालं, आणि मग बोलणंच राहिलं नाही."

एवढंच. पुढं मी विचारलं नाही.

त्या साइडकारींत दोन पॅसेंजर मुली होत्या. हेल्मेट काढल्यावर वेण्या बाहेर आल्या तेव्हा कळलं. एकीचा चालवणारा तिचा बाप. मला फे टेलर आठवली, आयर्लंडची, 1928 पासून इंग्लंडात स्पीडवेवर पुरुषांना मागं टाकणारी. स्पीडवे म्हणजे याच खेळाची शहरात गेलेली बहीण, गवताऐवजी भुकटी घातलेला छोटा ट्रॅक, एका वेळी चारच स्वार. 1930 मध्ये तिथं बायकांना बंदीच घातली. बाई जिंकायला लागली की नियम सुचतात. ते इकडंही आणि तिकडंही.

खरं तर गवत बहिणीपेक्षा थोरलं. 1928 च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या हाय बीचला स्पीडवेचा पहिला मोठा दिवस झाला, गवतावर मोटारसायकली त्याच्याही आधीपासून पळत होत्या. याच केंट परगण्यातलं ब्रँड्स हॅच आज कुणाला विचारलं तर फॉर्म्युला वनचं नाव घेईल, 1964 ते 1986 या काळात तिथं त्या शर्यती झाल्या. पण मुळात तो अळिंबी उगवणारा खोलगट माळ. आधी सायकलवाले आले, मग मोटारसायकलवाले, 1932 मध्ये चार क्लबांनी मिळून तो चालवायला घेतला, आणि 1950 साली डांबर पडेपर्यंत सगळं गवतावरच. तेव्हा तिथंही डावीकडंच वळत. आजोबांच्या वडिलांनी ते गवत पाहिलं होतं. आजोबांना ते डांबर अजून मान्य नाही, हे सत्तरेक वर्षांनी ऐकताना गंमत वाटते. सगळीकडं डांबर पडलं नाही. उत्तर जर्मनीत टेटेरो गावाला 1930 पासून गवताच्या टेकडीवर चढउतार करत शर्यत होते. पूर्व जर्मनी आली आणि गेली, टेकडी तिथंच.

चारच्या सुमारास गवत संपलं. सकाळी पहिल्या शर्यतीला दव होतं, कुरण हिरवंगार, निसरडं. दोन-तीन शर्यतींनंतर वळणं करपल्यासारखी दिसू लागली, मग मुळं वर आली, मग नुसती माती आणि चाकांनी पाडलेले खळगे. शर्यतींच्या मध्ये ट्रॅक्टर फिरतो, टँकर पाणी मारतो, तरी आतली रेघ खचत जाते, आणि जे हुशार ते बाहेर बाहेर सरकत उरलेलं हिरवं शोधतात. आजोबा हेच बघत होते, स्वार नव्हे. "आता दोरीच्या बाजूला बघ, अजून दोन हात गवत आहे. ज्याला ते दिसेल तो जिंकेल." त्यांना सायमन विगचा अभिमान. गवतावर वाढलेला पोरगा, लाँग ट्रॅकचा, म्हणजे याच खेळाच्या लांब ट्रॅकवरच्या शर्यतींचा, पाच वेळा विश्वविजेता झाला, 2000 साली मेंदूतल्या गाठीनं गेला, चाळिसाव्या वर्षी. त्याला हिरवं दिसायचं, असं आजोबा म्हणाले. याहून मोठी स्तुती त्यांच्याकडं नसावी.

मला आमच्याकडच्या शर्यतीचं मैदान दिसत होतं. बैलांचं. माळावर फाळ्या आखलेल्या, दोन्हीकडं ट्रॅक्टर, टेम्पो, लोक, माईकवर समालोचक घसा फोडतोय, झेंडा पंच झेंडा धरून उभा. आमच्याकडं बैलांचे गट दातांवरून पडतात, आदत, दुसा, चौसा. इथं पोरांचे वयावरून आणि इंजिनाच्या सीसीवरून. सहा-सात वर्षांची पोरंही पळवतात. छोट्या गाड्या, पण शर्यत खरी. एक पोरगं वळणावर पडलं, उठलं, गाडी उचलता येईना म्हणून रडलं. आई दोरीच्या बाहेर हात बांधून उभी राहिली, आत गेली नाही. मला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही. पण बैलांबद्दल कुणी शहरातलं विचारतं तेव्हा मीही अशीच हात बांधून उभी असते. 2014 ला कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा मामानं खोंड विकला, डिसेंबर 2021 ला पुन्हा सुरू झाल्या तेव्हा दुसरा घ्यायचं वय राहिलं नव्हतं. कायद्याची बाजू चूक होती असं मला म्हणता येत नाही आणि मामाचं विकल्या दिवशीचं तोंड विसरता येत नाही.

शेवटची शर्यत झाली, कप वाटले, टाळ्या झाल्या. अर्ध्या तासात दोऱ्या गुंडाळल्या गेल्या, खुंट्या ट्रेलरमध्ये. उघडं रान उरलं, मधोमध तपकिरी कडं. शेतकरी कुत्र्याला घेऊन त्या कड्यावरून चालत होता, बुटानं ढेकळं फोडत.

संध्याकाळी मामाला फोन लावला. तिकडं झोपायची वेळ झाली होती, पण मामी म्हणाली जागेच हायत. व्हिडिओ पाठवला. बऱ्याच वेळानं फोन आला.

"आगं, बिरेक न्हाई व्हय त्यास्नी?"

"न्हाई मामा."

"हूं." थोडा वेळ काहीच नाही. परत व्हिडिओ लावल्याचा आवाज, ते इंजिन सांगली जिल्ह्यातल्या सोप्यात घुमताना मला इकडं ऐकू आलं. "पाय जरा लवकर टेकतोय त्यो लाल टोपीवाला."

"मामा, त्यो पहिला आला."

"येऊ दे की." मग म्हणाला, "आन त्या रानाचं काय गं? एवढं उकललंय. परत बी टाकत्यात का तसंच सोडत्यात?"

मला माहीत नव्हतं. सकाळी कुंपणावरून आजोबांना विचारलं. बी टाकतात, म्हणाले, पाऊस बघून, आणि गवत नीट धरेपर्यंत मेंढ्या पलीकडच्या तुकड्यात.

मामाला ते कळवलं. "मग हरकत न्हाई," म्हणाला, आणि मामीला हाक मारून सांगू लागला.